पहिल्या हाकेला

कुत्र्याच्या पिल्लांच्या गळ्यातली दोरी सोडायची, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काय बिघडणार, असं मला तेव्हा वाटलं. (मला बऱ्याच गोष्टींत असंच वाटतं.)

खामगावात आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथल्या सरकीच्या ढिगामागं दोन पिल्लं सापडली, ती ह्यांनीच पिशवीत घालून आणली. टिल्ल्या आणि ढोल्या. मी दोघांना अंगणातल्या खुंटीला बांधलं. पण दिवसभर बांधलेला जीव पाहवेना, म्हणून एके सकाळी दोऱ्या सोडल्या.

दोघं जी उडाली, ती शेजारच्या पुष्पाबाईंच्या अंगणात. तिथं खाटेवर त्यांचे वर्षभराचे सरगुंडे, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, वाळत होते. ढोल्यानं खाटेवर लोळण घेतली आणि टिल्ल्या उरलेले खात बसला. मी त्यांना नावानं हाका मारमारून दमले. एकानंही मान वळवली नाही.

संध्याकाळी ह्यांनी निकाल दिला.

"रविवारी कडूबा सरकीसाठी मोटार घेऊन येते. त्याच्यासंगं संग्रामपूरले धाडून देऊ."

कडूबा माझे धाकटे दीर. त्यांचं शेत थेट डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या साली तिथली तीन कुत्री बिबट्यानं नेली होती. मी लगेच मधे पडले.

"अहो, मी शिकवते त्यांना. हाक मारली की येतील."

"मंग शिकव. रविवारी मैदानात सोडू. पहिल्या हाकेले आले तर राह्यतीन. नाही तर मोटारीत."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. (गणित तेवढं राहिलं.) तेव्हा दोन पिल्लांना शिकवणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं. रोज दुपारी अंगणाच्या एका टोकाला भाकरीचा तुकडा घेऊन उभी राहायची. "टिल्ल्या, ये! ढोल्या, ये!" टिल्ल्या माशीकडे बघायचा. ढोल्या झोपायचा. चार दिवस गेले, पण आपलं नाव काय याचा दोघांना पत्ता नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र उलगडा झाला.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. जेवायची वेळ झाली की मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारते, "अहो, आइकलं काय? ताट वाढलं!" हे ओसरीवर वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले असतात. ते येईपर्यंत मी पिल्लांना भाकरी घालून घेते. त्या दिवशी हाक मारली, आणि ह्यांच्याआधी दोन्ही पिल्लं माझ्या पायावर अशी आदळली, की हातातला तांब्या चुलीत गेला.

मी कोपऱ्यात जाऊन हळूच पुन्हा म्हटलं, "अहो, आइकलं काय?"

दोघं पुन्हा हजर! शेपट्या हलवत!

आनंदानं मला रडूच आलं. पण मग ध्यानात आलं, की ही हाक काही माझ्या एकटीची नाही. गल्लीतली एकूण एक बाई नवऱ्याला याच शब्दांनी बोलावते. शनिवारी दुपारी पुष्पाबाई भिंतीवरून ओरडल्या, "अवं, माह्या मालकाच्या पाटावर तुही कुत्री बसून राह्यली! त्याईनं जेवावं कुठी?"

दोघांना उचलून आणलं. त्या शिकवणीवर दुसरी शिकवण चढवायला एकच दिवस होता. चढली नाही.

रविवारी जिनिंगच्या मागच्या मैदानात आम्ही गेलो. हे, मोटार उभी करून कडूबाभाऊजी, आणि "पाहाच लागते" म्हणून पुष्पाबाई. पलीकडच्या टोकाला ह्यांचे हेडक्लार्क उकंडराव भाजीची पिशवी घेऊन निवांत चालले होते.

ह्यांनी दोऱ्या सोडल्या. पिल्लं सुटली ती थेट रेल्वेच्या रुळाकडे, आणि नेमकी त्याच वेळी जलंबच्या गाडीनं शिट्टी दिली.

"टिल्ल्या! ढोल्या!" मी ओरडले. काही उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं.

"गेले," हे म्हणाले.

मग मी लाज गुंडाळून ठेवली. पदर खोचला, रुळाकडे तोंड केलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो! आइकलं काय? ताट वाढलं!"

हे दचकले. "अवं, मी इथंच हावो!"

"तुम्ही थांबा जरा. अहो! आइकलं काय!"

"वहिनी," कडूबाभाऊजी डोळे बारीक करून म्हणाले, "दादा तर इथं हाये. कोणाले बलावून राह्यल्या?"

"हाव ना," पुष्पाबाई म्हणाल्या. "मले पण तेच पडलं."

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण मी पाहिला नाही, कारण तिकडे पिल्लं गर्रकन वळली होती आणि माझ्याकडे धावत सुटली होती. आणि त्यांच्या पुढं, धोतराचा सोगा एका हातात नि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात धरून, उकंडराव धावत येत होते.

"आलो, आलो! आलोच!"

तेच आधी पोचले. धापा टाकत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि आपली बायको इथं नाहीच, हे त्यांना उमगलं. पिशवीतून दोन वांगी गळून पडली. मागोमाग पिल्लं माझ्या पायावर आदळली.

कडूबाभाऊजींनी विचारलं, "दादा, तिघं आले. मोटारीत कोणते घालू?"

हे खाली मान घालून वांगी वेचू लागले. उकंडरावांनी सोगा सारखा केला, टोपी नीट बसवली आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "कुत्रे शिस्तीचे हायेत. ठेवून घ्या." साहेबांचा हुकूम! कडूबाभाऊजी नुसती सरकी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली मला विचारत होती, पिल्लांना शिकवलं कसं म्हणून. संध्याकाळी पिठाच्या हातानं भिंतीपाशी उभी राहून मी पुष्पाबाईंना समजावत होते, "त्याचं असं आहे, शिकवणाऱ्याला धीर पाहिजे. माणूस काय, जनावर काय, सवय लावावी तशी..."

"अवं, आइकलं काय?" ओसरीवरून ह्यांची हाक आली.

वाक्य अर्धं टाकून, चुलीवरची भाकरी तशीच ठेवून मी पळत गेले.

हे खुर्चीत बसले होते. एका बाजूला टिल्ल्या, दुसऱ्या बाजूला ढोल्या.

"काय पाहिजे?" मी धापा टाकत विचारलं.

"काही नाही. याईले दाखवून राह्यलो होतो." हे पिल्लांकडे वळले. "पाह्यलं बे? पहिल्या हाकेले येणं म्हणतात ते हे."

आणि गंभीर चेहऱ्यानं त्यांनी भाकरीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

(मी तो खाल्ला. भूक लागली होती.)