पानाची नाडी पाहणारे निगुडकर

निगुडकर खुर्चीत बसले की न्हाव्याला सांगायचे, "पिछली बार से जितना फरक पड़ा है, उतनाही काटो." फ्रीगंजातला तो न्हावी तसा सोशिक. पण एक दिवस त्यानंही हात जोडले. "बाबूजी, पिछली बार के बाल मैंने सँभाल के रखे थोड़ी हैं!" यावर निगुडकर माझ्याकडे वळून हताशपणे म्हणाले, "बघा. लोक नोंद ठेवत नाहीत."

हे आमचे बडे बाबू. शाळाखात्याच्या उज्जैनच्या दफ्तरात माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, आणि त्याचा मला किती ताप झाला ते मी सांगू नये, तुम्ही विचारू नये. "फरक बोला" हा त्यांचा मंत्र. मी सुट्टीवरून यायचो, "काय सांगू निगुडकर, सासुरवाडीला यंदा..." की त्यांचा हात वर. "सासुरवाडी तीच, सासू तीच. फरक बोला." देवासला त्यांचा एक चुलतभाऊ होता. त्याला महिन्याला एक कार्ड जायचं: 'सर्दी गेली. बाकी मागील कार्डाप्रमाणे.' मागील कार्डात असायचं, 'सर्दी झाली. बाकी मागील कार्डाप्रमाणे.' असं मागे मागे जात त्या बिचाऱ्याला कुठवर जावं लागत असेल, महाकाल जाणे.

दिवस मोठे दमवणारे होते. आम्ही ग्वाल्हेर सरकारात झोपलो, मध्य भारतात जागे झालो, आणि चहा होईस्तोवर मध्य प्रदेशात येऊन बसलो. शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, राजधानी भोपाळला गेली. आमच्या खुर्च्या मात्र त्याच, आणि त्यांतले ढेकूणही तेच.

सगळ्यांत मोठी कटकट होती मास्तरांच्या रजिस्टरांची. जिल्ह्यातले सगळे मास्तर आणि मास्तरीणबाई त्यांत होत्या. कोणाची किती वर्षं नोकरी, कोण कधी रजेवर, कोणाची कुठे बदली, लग्नानंतर कोणाचं आडनाव काय झालं, सगळं. मूळ रजिस्टरं आमच्याकडे, त्यांची नक्कल भोपाळला. हुकूम असा की दर महिन्याला अख्ख्या रजिस्टरांची नवी नक्कल करून भोपाळला पाठवायची, म्हणजे दोन्हीकडे सारखंच राहील. कसलं सारखं राहतंय! आम्ही महिनाभर मान मोडून नक्कल करायचो. तोवर इथे चारजण रजेवर जायचे, दोघींची लग्नं व्हायची. गठ्ठा भोपाळला पोचेपर्यंत शिळा. मग वरून चिठ्ठी: 'दोन्ही प्रती जुळत नाहीत.' माझं मनगट तेव्हा जे सुजलं ते आजही थंडीत ठणकतं.

एक दिवस निगुडकर म्हणाले, "सगळं कशाला पाठवता? त्यांच्याकडे आहेच की. बदललं तेवढंच पाठवा."

"पण बदललं कुठे ते कळणार कसं?" मी म्हणालो. "एक रजिस्टर इथे, एक भोपाळला. शेजारी ठेवून बघता येतंय का?"

"एका पानावर जेवढे आकडे आहेत त्यांची बेरीज करा, नावांतली अक्षरंही मोजून तीत मिळवा. ही झाली पानाची नाडी. भोपाळवाल्यांनी त्यांच्या पानाची करावी. नाडी जुळली की पान निरोगी. नाही जुळली तर तेवढंच पान पाठवा. बस!"

सांगायला लाज वाटते, पण मला हसू आलं. साहेबांनाही आलं. पण करून बघितलं, आणि महिन्याचं काम चार दिवसांत आटोपलं. सबंध रजिस्टरांऐवजी एका कागदावर नाड्या जायच्या-यायच्या, आणि मागाहून पाच-पंचवीस आजारी पानं. साहेबांनी निगुडकरांची पाठ थोपटली. मी घरी दिवसाउजेडी जाऊ लागलो. माझ्या मुलांनी मला ओळखलं, हेच नशीब.

आणि मग एका दुपारी शांताबाई देवळे आल्या. भैरवगढच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. हातात भोपाळचा बदलीचा हुकूम, चेहरा पांढराफटक. ज्यांची नोकरी कमी त्यांना दूर झाबुआकडच्या नव्या शाळांवर धाडत होते, आणि भोपाळच्या रजिस्टरात बाईंची नोकरी होती तीन वर्षं.

"तेरा वर्षं झाली हो मला," त्या म्हणाल्या. "घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून नेऊ की टाकून जाऊ, तुम्हीच सांगा."

आमच्या रजिस्टरात तेरा स्वच्छ लिहिले होते. निगुडकरांनी भोपाळहून आलेला नाड्यांचा कागद काढला. त्या पानाची नाडी जुळलेली! त्यांनी बेरीज पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. मग त्यांचं बोट बाईंच्या खालच्या ओळीवर थांबलं. तिथल्या मास्तरची नोकरी होती तीन वर्षं. भोपाळच्या नकलनवीसानं दोन ओळींचे आकडे अदलाबदल केले होते. याचे तीन तिला, तिचे तेरा याला. बेरीज तीच, मग नाडी चुकणार कशी? निगुडकरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. दफ्तरात त्यांना बोडक्या डोक्यानं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाई गेल्यावर मी हळूच म्हणालो, "एवढी एक ओळ दुरुस्त करून पाठवा. बोभाटा कशाला?"

"अशा आणखी किती असतील?"

"असतील तर येतील ते लोक."

"घरी आजारी माणूस टाकून?" ते म्हणाले, आणि कागद पुढे ओढून साहेबांना लिहायला बसले: 'चूक पद्धतीची आहे. पद्धत माझी आहे.' साहेबांनी ते वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि हुकूम काढला. नाड्या बंद. पूर्वीसारखी अख्खी नक्कल. माझा संताप संताप झाला. या माणसाच्या खरेपणापायी माझं मनगट गेलं होतं! मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते तर पदरची रजा टाकून भोपाळला गेले होते, रजिस्टराचं ते पान घेऊन. चौथ्या दिवशी परतले ते बदली रद्द झाल्याचा कागद खिशात घालूनच.

"डाकेनं पाठवा की," मी म्हणालो.

"डाक परवा पोचेल. चला, टांगा करू."

भैरवगढला बाईंच्या अंगणात छापलेली लुगडी दोरीवर वाळत होती. कागद वाचून बाई मटकन ओट्यावर बसल्या आणि रडल्या. आतून म्हातारीनं विचारलं, "काय गं, काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही आई, इथेच आहे मी." मग आम्हाला चहा आला. निगुडकर अवघडून बसले होते. जरा वेळानं म्हणाले, "आईंचा पाय कसा आहे आता? श्रावणात पडल्या होत्या ना?"

बाई चकित झाल्या. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुमची रजा. आधी आठ दिवस, मग वाढवून आणखी आठ." आणि एकदम पुढे सरसावून, "बाई, उन्हेलच्या शाळेतल्या कमलाबाई तुमच्या ओळखीच्या का? त्यांना मुलगा झाला की मुलगी? अर्जात ते लिहीत नाहीत हो कोणी."

"मुलगी झाली. छान गोरीपान आहे."

"मुलगी!" निगुडकरांचा चेहरा असा काही उजळला की मी बघतच राहिलो. "आणि ते महिदपूरचे मास्तर? दर हिवाळ्याला खोकल्याची रजा घेतात. कोणी बघतं का त्यांच्याकडे?" एकामागून एक ते विचारत सुटले. कोणाची बदली बायकोच्या गावी झाली का, कोणाच्या वडिलांचे डोळे सुधारले का. बाईंना ठाऊक होतं तेवढं त्या सांगत होत्या, आणि हे मन लावून ऐकत होते. त्या सबंध जिल्ह्यात या माणसाला ओळखणारं मात्र कोणी नव्हतं. बाईंना त्यांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्या 'बाबूसाहेब, बाबूसाहेब' म्हणत होत्या.

"आणि बाबूसाहेब," बाईंनी आपलं सहज विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

निगुडकरांची खोली मी एकदा पाहिली होती. एक खाट, एक कप, एक खुंटी. माझा चार दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला, आणि वाटलं, बाईंनी हे विचारायला नको होतं.

"आहेत की," निगुडकर म्हणाले. "पुष्कळ आहेत."