तीस दिवसांचा साठा

मला शिकवू नका! बिस्किटांच्या कारखान्यात अठरा वर्षं गोदाम सांभाळतोय. माझ्या हातून आजवर एक खोका कमी पडलेला नाही. म्हणून तपासणीच्या कागदावर ‘नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संयम पाळावा’ असं वाचलं, तेव्हा मला हसूच आलं.

‘‘सात दिवस? आपण तीस पाळू!’’

‘‘अहो, कागदावर सात लिहिलंय,’’ बायको म्हणाली.

‘‘ते सामान्य माणसांसाठी!’’

लग्नाला पाच वर्षं झाली होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तिनं विणलेलं इवलंसं टोपडं होतं. दर महिन्याला ती ते काढी, उन्हात धरी, घडी घालून परत ठेवी. त्या टोपड्यासाठी मी तीस काय, तीनशे दिवस पाळले असते! गादी उचलली आणि बैठकीच्या खोलीत नेऊन टाकली.

चौथ्या दिवशी आईनं गादीकडे पाहिलं. ‘‘भांडलात?’’

‘‘नाही गं. महिनाभराचाच प्रश्न आहे.’’

म्हातारीनं याचा काय अर्थ लावावा? तिनं हे ‘महिनाभराचं’ प्रकरण फोनवरून व्याह्यांच्या कानावर घातलं. बाराव्या दिवशी सासू-सासरे दोन बॅगा घेऊन दारात!

‘‘जावईबापू, पोरीचं काय चुकलं ते तोंडावर सांगा,’’ सासरे गरजले.

आता काय सांगणार? साठा करतोय, म्हणून? मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. नंतर कानात पुटपुटली, ‘‘आईबाबांना हे मी कोणत्या तोंडानं सांगू?’’

‘‘काही चुकलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग ही गादी?’’

‘‘पाठ दुखते.’’

‘‘आणि पाठ बरोब्बर महिन्यानं दुखायची थांबणार?’’ सासूबाईंनी विचारलं, आणि आपली वळकटी थेट आमच्या खोलीत, लेकीशेजारी पसरली. माझ्याच घरात मी पाहुणा! सासरे माझ्यासमोर दिवाणावर. त्यांचं घोरणं म्हणजे खडीवरून ओढलेलं लोखंडी कपाट! पण मी डगमगलो नाही. दिवस मोजत राहिलो.

तिसावा दिवस उजाडला. प्रयोगशाळेतल्या माणसानं विचारलं, ‘‘किती दिवस झाले?’’

‘‘तीस!’’ मी छाती काढून सांगितलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. ‘‘कागद वाचला नाही का?’’

‘‘वाचला, म्हणूनच तर!’’

त्यानं मान हलवत नमुना घेतला. संध्याकाळी अहवाल आला. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, ‘‘संख्या भरपूर आहे.’’

मी बायकोला कोपरानं ढोसलं.

‘‘पण पोहणारे फार थोडे. बाकीचे नुसते पडून आहेत. अहो, फार दिवस थांबलं की संख्या वाढते, पण चपळाई जाते, आतून खराबही होऊ लागतात.’’

म्हणजे? महिनाभर मी जमिनीवर पाठ घासली, घोरणं सोसलं, जुलमी नवरा म्हणून बोलणी खाल्ली, ते कशासाठी? माझा आवाज चढला. ‘‘कागदावर ‘जास्त नको’ असं ठळक अक्षरांत लिहायला काय झालं होतं?’’

‘‘सात हा आकडा कशाला लिहिला असेल?’’

बायकोनं माझी बाही धरली. ‘‘डॉक्टर, आम्हाला मूल होईल ना?’’

‘‘या तपासणीवरून काहीच सांगता येणार नाही. एका नमुन्यानं जुनं सगळं बाहेर पडत नाही, आधी हा संयम पुरता मोडा. मग तीन-चार दिवस थांबून पुन्हा या.’’

जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मग एकाएकी ती हसायलाच लागली. ‘‘अहो, तुमच्या गोदामाच्या दारावर काय लिहिलंय हो?’’

काय लिहिलंय? ‘आधी आलेला माल आधी बाहेर!’ लाल रंगात. माझ्याच हस्ताक्षरात.

घरी आलो ते तडक गादी गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि खोलीचं दार ढकललं. सासूबाई पलंगाच्या मधोमध मांडी ठोकून बसल्या होत्या.

‘‘तुमचं खरोखर जुळलंय अशी खात्री पटेपर्यंत मी इथून हलणार नाही!’’

बायको भिंतीकडे तोंड करून हसत होती. मी गादी पुन्हा बैठकीत टाकली.

आज गादीचा बैठकीतला चौतिसावा दिवस आहे.