भिंगशेठ, स्कूटर आणि मागची सवारी

"चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही!" भिंगशेठने जाहीर केलं. "बेट म्हणजे काय? चहूकडे पाणी, मध्ये डोंगर आणि कडेकडेने एकच रस्ता. इथून निघालो की फिरून इथेच! नकाशा नको, वाटाड्या नको. मी पुढे, तुम्ही माझ्या मागे!"

त्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सारे त्याला भिंगशेठ म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. लोकांना नीट दिसेल असं करणं हा आपला धंदा, असं तो छाती फुगवून सांगे. हे भाषण त्याने ठोकलं ते लॉजच्या व्हरांड्यात, धो धो पावसात. ऐकायला तिघं होती. बायको, सासूबाई आणि सासरे. सासूबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरात त्यांच्या पाठीमागे त्यांना हेडबाई म्हणत आणि समोर कोणी काही म्हणत नसे. सासऱ्यांना सगळे दादा म्हणत. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आयुष्य काढलेला हा माणूस कशालाही एकच उत्तर द्यायचा, "बघू."

पावसाळ्यात त्या बेटावर चिटपाखरू फिरकत नाही. मग भिंगशेठलाच ही हौस का सुचली? त्याचं कारण होतं आणि ते तो पोटात दडवून बसला होता. गेली सात वर्षं तो हेडबाईंच्या घरात राहत होता. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि चौघांत एक बाथरूम! शेवटी त्याने गुपचूप एक घर पाहिलं होतं. घरमालकाला सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आता उरलं होतं फक्त बायकोला पटवणं. घरात विषय काढला की ती "आईला काय वाटेल?" म्हणून उठायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. चालत्या स्कूटरवरून ती उठून कुठे जाणार? असा सगळा बेत होता!

लॉजच्या समोरच स्कूटरवाला होता. त्याने दोन लाल स्कूटरी काढून दिल्या, अगदी जुळ्या. सोबत चार पिवळे रेनकोट दिले. "एकच माप आहे," तो म्हणाला, "सगळ्यांना होतं." म्हणजे कोणालाच होत नव्हतं. हेल्मेटवरून टोपी ओढली की चौघांतलं कोण कुठलं ते ओळखू येईना. दादांनी स्वतःच्या बायकोला सोडून स्कूटरवाल्यालाच "बस मागे" म्हटलं, तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

सुरुवात झकास झाली. समुद्र चिखलाच्या रंगाचा झाला होता आणि लाटा कठड्यावरून थेट रस्त्यावर येत होत्या. एका वळणावर शेकडो लाल खेकडे रस्ता ओलांडताना दिसले. सगळे थांबले. हेडबाई उतरल्या आणि रांग सोडून निघालेल्या एका खेकड्याला त्यांनी असं काही दरडावलं, की तो खरंच मागे सरकला! पुढच्या वळणावर डोंगरातला धबधबा सरळ रस्त्यावर पडत होता. चौघंही त्याखालून ओरडत गेले.

मग आभाळ फाटलं. रस्त्याकडेला बसथांब्याची शेड होती, तिच्याखाली सगळे घुसले. हेडबाईंनी थेंबांनी भरलेला चष्मा काढून पर्समध्ये टाकला. चष्म्याशिवाय त्यांना माणूस आणि माड यांतला फरकही दिसत नाही, हे भिंगशेठला पक्कं ठाऊक होतं. चष्मा त्यानेच बनवला होता ना! पण तेव्हा त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. पाऊस जरा ओसरतोय असं वाटताच तो धावत जाऊन स्कूटरवर बसला. त्याच्या स्वतःच्या चष्म्यावरून पाण्याचे ओहोळ वाहत होते. बायको शेडच्या कोपऱ्यात मोजे पिळत होती. दादा रेनकोटच्या आत किल्ली शोधत होते.

इतक्यात हाक आली, "अहो, चला!"

आता "अहो" म्हटल्यावर कोणता नवरा थांबतो? त्यातून मायलेकींचा आवाज एकसारखा. फोनवर सासूबाईंना "काय गं, जेवलीस का?" विचारून भिंगशेठने कितीदा जीभ चावली होती. इकडे हेडबाईंना काय दिसलं, तर एक लाल ठिपका आणि त्याच्यावर एक पिवळा ठिपका. त्या पिवळ्याला दादा समजून त्या मागे बसल्या आणि स्कूटर सुटली!

"नीट बसलीस ना गं?" भिंगशेठ वाऱ्यात ओरडला.

"बसले हो. तुम्ही समोर बघा."

"अगं, एक सांगायचंय, राणी!"

हेडबाई स्कूटरवरून पडता पडता वाचल्या. राणी! लग्नापासून दादांनी त्यांना फक्त "ऐकलंस का" म्हटलं होतं. या माणसाच्या डोक्यात पाऊस गेला की काय?

"काय म्हणालात?"

"राणी म्हणालो, राणी!"

"बरं बरं, कळलं," मागचा आवाज एकदम मऊ झाला.

भिंगशेठला जोर चढला. "मी घर पाहिलंय!"

"काय?"

"घर! आपल्या दोघांसाठी! वेगळं!"

मागून दोन हात त्याच्या खांद्यांत रुतले. गंमत अशी, की गेली दोन वर्षं हेडबाईही दादांच्या कानीकपाळी हेच ओरडत होत्या. लेक-जावई इथे राहू देत, आपण दोघं लहानसं घर बघू. आणि दादा म्हणत होते, "बघू."

"तुम्ही पाहिलंत? स्वतःहून?" त्या त्याच्या कानाशी वाकल्या. "अहो, मला वाटलं, तुम्ही जन्मभर नुसतं बघू बघू करणार!"

आपण कधी बघू म्हणालो, ते भिंगशेठला आठवेना. पण म्हटलं असेल, नवरे म्हणतातच! "मग? आहे कोण मी! चार खोल्या आहेत. मागे अंगण. आणि बाथरूम किती सांग?"

"किती?"

"दोन!"

मागून हुंदका आला.

"रडतेस की काय?"

"पाऊस आहे तो! पण त्या दोघांना सांगणार कोण?"

"तूच सांग ना. तुझं ऐकतील."

"सांगते की! मला काय कोणाची भीती आहे?"

भिंगशेठ हादरलाच. आईकडे मीठ मागतानाही चाचरणारी आपली बायको ती हीच का? हिला आधीच स्कूटरवर बसवायला हवं होतं!

"खरं सांगू?" मागून सुरू झालं. "मी आता कंटाळले. त्यांची ती सकाळची आंघोळ! तासभर बाथरूममध्ये! आणि वर ते गाणं!"

दादा गातात ही भिंगशेठला नवीन बातमी होती. आपण रोज सकाळी तिथेच गात असतो, त्यात दादांचं गाणं ऐकू आलं नसेल, असं त्याने ठरवलं. "गाणं कसलं ते! रेडा रेकतोय असं वाटतं!"

"अगदी बरोबर बोललात! आणि घोरणं?"

"भिंती हलतात! आणि चपलांवरून रोजची ती कटकट?"

"रोजची हो! जीव नकोसा झालाय!"

दोघंही खदखदा हसले. इतकी एकी त्याच्या संसारात आजवर झाली नव्हती. मग मागचा आवाज थोडा खाली आला. "पण माणूस मनाने चांगला आहे. मला ताप आला होता, तेव्हा कामावर न जाता दिवसभर उशाशी बसून होते. मला करमायचं नाही बघा."

दादांनी हे केव्हा केलं? भिंगशेठला ठाऊक नव्हतं, पण त्याने स्कूटरचा वेग कमी केला. "मलाही नाही करमणार," तो म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

पुढच्या वळणावर रस्त्यावर काम करणारा एक माणूस लाल फडकं हलवत आडवा आला. "पुढे माड पडलाय! गाडी ढकलत न्यावी लागेल. आजींना सावकाश उतरवा!"

"ए, आजी कोणाला म्हणतोस?" भिंगशेठ खवळला. "डोळे तपासून घे आधी! माझ्या दुकानात ये!" असं म्हणत त्याने स्वतःचा चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मागे वळून पाहिलं.

टोपी मागे सरकली होती. हेल्मेट काढलेलं होतं. पांढरे केस, घट्ट अंबाडा आणि शाळेची घंटा झाल्यावर मैदानावर फिरायचे तेच दोन डोळे!

"आ... आ..." भिंगशेठची बोबडी वळली. "आई!"

हेडबाईंनी पर्स उघडून चष्मा काढला, लावला. जावयाने बनवलेला चष्मा, त्यातून जावई लख्ख दिसला.

"जावईबापू!"

तो लाल फडकेवाला दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं, यांना विजेचा झटका बसला. एकेक वाक्य भिंगशेठच्या डोक्यात परत येऊ लागलं आणि प्रत्येक वाक्यागणिक त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. तू म्हणालो! अगं म्हणालो! आणि... अरे देवा... राणी म्हणालो!

"राणी कोणाला म्हणालात?" हेडबाईंनी विचारलं.

"हिला! म्हणजे तुमच्या लेकीला! आई, शप्पथ!"

"आणि वेगळं घर?" त्यांचा आवाज अचानक फुटला. "आम्हाला सोडून निघाला होतात? सात वर्षांनी? तेही चोरून?"

भिंगशेठ मेल्याहून मेला. मग त्याला आठवलं आणि तोही पेटला. "आणि तुम्ही? तुम्हीही निघालाच होतात की! मी घोरतो? मी तासभर आंघोळ करतो? मला रेडा म्हणालात!"

"रेडा तुम्ही म्हणालात. मी फक्त गाण्याचा विषय काढला."

त्या तापाच्या वेळी दुकान बंद ठेवून उशाशी कोण बसलं होतं, हेही आता भिंगशेठच्या ध्यानात आलं, आणि त्याला कुठे बघावं ते कळेना. हेडबाईंचंही तसंच झालं असावं. त्यांनी उगाचच अंबाडा चाचपला.

तेवढ्यात मागून दुसरी स्कूटर आली. दादा चालवत होते, मागे बायको होती. "अहो, केवढ्या हाका मारल्या!" ती ओरडली. "दोघांपैकी एकाने तरी मागे बघायचं!"

हेडबाई सरळ दादांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, घर तुम्ही पाहिलेलंच नाही!"

"कसलं घर?" दादा म्हणाले.

"चार खोल्यांचं! अंगणाचं! ते यांनी पाहिलंय!"

"बरं. बघू," दादा म्हणाले.

हेडबाईंनी डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि जावयाकडे वळल्या. इतकी वर्षं शाळा चालवलेली बाई ती, तिला निकाल लावायला कितीसा वेळ लागणार? "जावईबापू, खरं सांगा. खोल्या चार?"

"चार."

"बाथरूम दोन? नक्की?"

"दोन. नक्की."

"मग झालं तर! अहो, मला तुमच्यापासून कुठे वेगळं व्हायचं होतं? मला त्या एका बाथरूमपासून वेगळं व्हायचं होतं! सगळेच जाऊ. अंगणाकडची खोली आमची. घरमालकाला मीच कळवते."

भिंगशेठच्या पायाखालची वाळू सरकली. अंगणाकडची खोली! तिथे खुर्ची कुठे ठेवायची, हेही त्याचं ठरलं होतं. तोंड उघडून आता "नाही" म्हणायचं, एवढंच काम होतं. त्याने तोंड उघडलंही. पण हेडबाईंनी आपल्या ओल्या हाताने त्याच्या रेनकोटची कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाल्या, "करमायचं नाही म्हणालात ना? मी ऐकलंय हं ते." उघडलेलं तोंड त्याने तसंच मिटलं.

माडाचं झाड चौघांनी मिळून ओलांडलं, स्कूटरी ढकलून पलीकडे नेल्या. ढकलता ढकलता हेडबाईंनी लेकीला 'राणी'पासून सगळं सांगून टाकलं. या वेळी भिंगशेठने मागे बसणाऱ्या बाईची टोपी काढली, हेल्मेट काढलं, चष्मा पुसून चेहरा पाहिला, पुन्हा पुसून पुन्हा पाहिला. बायकोच होती.

"तू तरी नाही म्हणायचंस!" तो कळवळून म्हणाला.

"मी?" बायको मागे बसत म्हणाली. "राणी म्हणालात आईला. घर सांगितलंत आईला. हो म्हणवून घेतलंत तेही आईकडूनच. मला कोणी विचारलंय? तुमच्या दोघांच्या घरी मी आपली पाहुणी म्हणून येईन!"