भोक न पाडता ड्रायर

"भोक पाडावं लागेल," ड्रायर बसवायला आलेला माणूस भिंतीवर बोटं वाजवत म्हणाला. "गरम हवा बाहेर जायला नको?"

प्रज्ञेशने वर छताकडे पाहिलं. धायरीतल्या या फ्लॅटचे मालक आप्पासाहेब बरोबर वरच्या मजल्यावर राहत आणि त्यांची एकच अट होती: भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. लग्नाचा फोटो बिचारा वर्षभर सोफ्यावरच बसून होता. त्यात भाडेकरार रविवारी संपत होता, आणि आता पुन्हा घर शोधायचं या कल्पनेनेच प्रज्ञेशला झोप येईना. पण शेजारच्या बांधकामाच्या धुळीने गॅलरीतले कपडे धुण्याआधीपेक्षा मळके होऊन घरात येत, म्हणून त्याच्या बायकोने, अक्षताने, हट्टाने ड्रायर घेतला होता.

"बाथरूमच्या खिडकीची एक काच काढा, पाइप डक्टमध्ये सोडा," ती म्हणाली. "भोक नाही, खिळा नाही. आप्पांना कळणार कसं?"

गुरुवारी सकाळी सहाला नवे गुलाबी टॉवेल आत गेले. मशीन घुमू लागलं. प्रज्ञेश त्यावर हात ठेवून उभा राहिला, जणू थोपटल्याने ते गप्प बसणार होतं. तेवढ्यात डक्टमधून वरून आप्पासाहेबांचा आवाज आला.

"अगं शालू, न्हाणी तापलीया कशानं? आन हे उडतंय काय?"

प्रज्ञेशने झटकन बटण बंद केलं.

नंतर मशीनला हात लावायची कुणाची छाती होईना. कपडे पंख्याखाली वाळत पडले. शुक्रवारी प्रज्ञेश ओलसर पँट घालून हिंजवडीला गेला आणि मीटिंगभर उभाच राहिला. जिन्यात पावलं वाजली की दोघं टीव्ही बंद करत.

रविवारी बेल वाजली. दारात शाल पांघरलेले आप्पासाहेब. त्यांनी मूठ उघडली. आत गुलाबी कापूस होता.

"ह्यो तुमचाच ना, इंजिनियर?"

"हो आप्पा, पण भिंतीला हात लावला नाही, शपथ! आजच काढतो मशीन."

"काढतो? आवो, बंद का हाय ते इचारायला आलोय! पाणी गरम असतंय वो, पण अंग पुसताना थंडीनं जीव जातो. गुरुवारी काय ऊब आली! करार करू, पण रोज सकाळी सहाला मशीन चालू पायजे. हवं तर भोक पाडून पाइप नीट वर घ्या."

अक्षताने संधी साधली. "मग आप्पा, फोटोसाठी एक खिळा...?"

"खिळा न्हाई," आप्पासाहेब जिना चढत म्हणाले.

बुधवारी पहाटे बाथरूममध्ये खुडबुड ऐकून अक्षता उठली. प्रज्ञेश कुडकुडत बादलीत टॉवेल बुचकळत होता.

"अरे, हे कालच वाळलेत ना?"

"म्हणूनच भिजवतोय. घरात ओलं काहीच उरलं नाही."

तेवढ्यात डक्टमधून आवाज घुमला, "इंजिनियर! मी साबण लावून बसलोय!"