रेवंडकरांचे कान

रेवंडकरांना कुणाकडे जेवायला न्यायचं, तर यजमानांना आधी कल्पना द्यावी लागे. हात धुऊन ताटावर बसले की ते रिकामी वाटी उचलायचे, वीतभर उंचीवरून फरशीवर सोडायचे आणि तिचा आवाज पुरता विरेपर्यंत मान तिरकी करून थांबायचे. मग वाटी पुन्हा ताटात ठेवून म्हणायचे, "बरी आसा." वाटी नवी असो, रुखवतातली असो की यजमानीणबाईंच्या माहेरची असो, या परीक्षेतून तिची सुटका नसे.

एकदा बँकेतल्या एका साहेबांकडे सत्यनारायण होता. बहारीनच्या मनामा शहरातली बरीच मराठी मंडळी जमली होती. रेवंडकरांनी नमस्कार केला, तीर्थ घेतलं आणि जाता जाता मांडलेल्या कलशावर बोटाच्या पेराने टिचकी मारली.

"फुटको आसा," ते म्हणाले.

"अहो, आईने दिलेला आहे तो," वहिनी म्हणाल्या.

"आवशीक सांगा, फुटको आसा."

आरती संपेपर्यंत कलशाखालचे तांदूळ ओले झाले होते. त्यानंतर त्या घरचं आमंत्रण रेवंडकरांना आलं नाही, आणि त्यांना घेऊन गेलो म्हणून मलाही आलं नाही.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी बहारीनमध्ये एका नेमबाजीच्या क्लबात कारकून होतो. मनामापासून दूर, रेताड मैदानात चार शेड आणि एक मातीचा बांध, एवढाच तो क्लब. तेलकंपन्यांतले आणि बँकांतले गोरे साहेब आणि काही स्थानिक श्रीमंत लोक शुक्रवारी सकाळी तिथे बंदुका घेऊन यायचे. मी ऑफिसात टाइपरायटर बडवायचो. मागच्या शेडमध्ये बाबल रेवंडकर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या धुवायचे.

हे काम काय असतं, ते मलाही तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, पण पितळेची पुंगळी मागे उरते. ती साफ केली, तर तिच्यात पुन्हा दारू आणि गोळी भरून काडतूस तयार करता येतं. क्लबचे सेक्रेटरी मेजरसाहेब भरण्याचं काम स्वतः करायचे. त्याआधीचं सगळं रेवंडकरांकडे. त्यांनी मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमधून तेलाचा ड्रम आणून तो मोटारीवर आडवा बसवला होता. आतून टायरची ट्यूब चिकटवली होती. त्यात पुंगळ्या, पाणी, साबणाची पूड आणि स्टीलच्या तारेचे बारीक तुकडे घालायचे, आणि ड्रम तीन तास फिरवत ठेवायचा. शिवाय गावाहून आणलेली आमसुलं रात्रभर भिजवून त्यांचं पाणी मापाने ओतायचं.

मेजरसाहेबांनी या कामासाठी विलायतेहून कसलीशी पावडर मागवली होती. ती रेवंडकरांनी संडास धुवायला वापरली. "पितळ धुवची अक्कल आमच्या बायलमाणसांक आसा," ते म्हणायचे. आमसुलाचं पाणी जरा जास्त झालं तर पितळ लालसर पडतं, म्हणून ते दर अर्ध्या तासाने ड्रम थांबवून एक पुंगळी काढून उन्हात धरायचे. निघालेल्या पुंगळ्या अशा झळकायच्या की साहेबलोक त्या बायकांना दाखवायला घरी न्यायचे.

आम्ही दोघे मनामात एका खोलीत राहायचो. नळाला खारट पाणी येई. प्यायचं गोडं पाणी डब्यांतून विकत घ्यावं लागे. खाऱ्या पाण्याने पितळेवर डाग पडतात, म्हणून रेवंडकर शेवटची धुलाई गोड्या पाण्याने करायचे, आणि ते पाणी आमच्या खोलीतून जायचं. मी तहानलेला घरी आलो की डबा रिकामा.

"रेवंडकर, पाणी?"

"नवशे पुंगळे होते आज," ते शांतपणे सांगायचे.

गावी आपण काय काम करतो, हे त्यांना धड सांगता आलं नव्हतं. दारू भरतात त्या कारखान्यात आहे, असं त्यांनी पहिल्याच पत्रात कळवलं. गावात बोभाटा झाला की बाबल बहारीनमध्ये दारूच्या धंद्यात पडला. सासऱ्यांचं रागाचं पत्र आलं. रेवंडकरांनी उलट टपाली खुलासा पाठवला, की दारू साहेब भरतो, मी नुसता धुतो. सासऱ्यांनी त्याचा अर्थ बाटल्या असा घेतला आणि दोन वर्षं जावयाशी बोलणं टाकलं.

त्यांची खरी करामत धुण्यात नव्हती, ती त्याच्या पुढे होती. वापरून वापरून पुंगळीला केसाएवढी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. तशी पुंगळी भरली आणि ती बंदुकीतच फाटली, तर पेटता वायू मागे तोंडावर येतो. रेवंडकर वाळलेल्या पुंगळ्या एकेक करून दगडी लादीवर टाकायचे. चांगली असेल ती टणकन वाजून लांब सूर धरायची. चिरलेली असेल ती मध्येच मरायची. मी बाजूला बसलो तर म्हणायचे, "आयक, आयक." मला कित्येक दिवस काही फरक कळत नव्हता. मग कळायला लागला. त्यांच्या हाताखालून गेलेली पुंगळी नऊ वर्षांत एकदाही फाटली नव्हती.

शुक्रवारी दुपारी ते टेप ऐकायचे. त्यांच्या पत्नीला, सुलभावहिनींना, लिहिणं फारसं येत नव्हतं. म्हणून शेवटच्या रजेत त्यांनी गावी टेपरेकॉर्डर नेऊन ठेवला होता. दोनेक महिन्यांनी कुणी गावाहून येताना कॅसेट आणायचं. तीत वहिनी बोलायच्या आणि मुलगी शालन बोलायची. शालन तीन महिन्यांची असताना ते पहिल्यांदा बहारीनला आले, आणि त्यानंतर तीनदाच रजेवर गेले होते. रेवंडकर पलंगावर मांडी घालून बसायचे, टेप उशीवर ठेवायचे आणि आवाज वाढवत न्यायचे. पुढे पुढे तो इतका वाढला की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. खासगी बोलणं आपण ऐकू नये, असंही मला वाटे. उत्तराची कॅसेट ते तिथेच भरायचे. "मी बरो आसय. तू बरी आसशीत. शालूक सांग, अभ्यास कर." दर वेळी साधारण तेवढंच.

मग त्या शुक्रवारी पुंगळी फाटली.

एका बँकवाल्या साहेबाच्या चष्म्याची काच तडकली आणि गालावर भाजलं. डोळा थोडक्यात वाचला. मेजरसाहेबांनी रेवंडकरांना बोलावलं आणि आपल्यासमोर तपासणी करून दाखवायला सांगितलं. रेवंडकरांनी दहा पुंगळ्या घेतल्या आणि एकेक लादीवर टाकू लागले. तिसरी पुंगळी मध्येच मेली. मला स्वच्छ ऐकू आलं. रेवंडकरांनी ती उचलून चांगल्यांच्या ढिगात ठेवली.

मेजरसाहेबांना काही कळलं नाही. पलटणीत तोफांपाशी नोकरी केल्याने त्यांचेही कान यथातथाच होते. ते मान हलवून निघून गेले. रेवंडकर मघापासून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"तिसरी?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी ती पुंगळी ढिगातून काढून खिशात टाकली. बराच वेळ ते ड्रमला हात लावून उभे राहिले.

"तुमच्याशी बोलतो ते तर ऐकू येतं तुम्हाला," मी म्हणालो.

"तुझो आवाज जाडो आसा. बांग आयकाक येता. मोटार आयकाक येता. बारीक काय ता येना नाय."

मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर केरळचे होते. त्यांनी समजावलं, की अशा गोंगाटात वर्षानुवर्षं राहिलं की आधी बारीक, उंच आवाज जातात, नंतर हळूहळू बाकीचे. गेलेलं परत येत नाही. तो ड्रम रोज तीन-तीन तास त्यांच्या कानाशी खडखडत होता आणि शेडच्या पलीकडे बार उडत होते. कानात कापूस घालावा, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. बाहेर आल्यावर रेवंडकर म्हणाले, "मेजरक सांगू नको."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी संध्याकाळी टायपिंग उरकून शेडमध्ये जाऊन बसू लागलो. ते पुंगळी टाकायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवायचो. आठ महिने असं चाललं. मला त्याची फार भीती वाटायची. माझ्या एका चुकीने कुणाचा तरी डोळा जाईल, हे मी जेवतानाही विसरू शकत नव्हतो. पण सांगितलं असतं तर रेवंडकरांचा व्हिसा त्याच आठवड्यात खलास झाला असता.

शेवटी मी तापाने अंथरुणाला खिळलो असतानाच स्पर्धेचा आठवडा आला. मेजरसाहेबांना पाचशे पुंगळ्या हव्या होत्या. रेवंडकरांनी त्या धुतल्या, वाळवल्या आणि देत नाही म्हणून सांगितलं. साहेब चिडले. नऊ वर्षांत या माणसाने कधी नाही म्हटलं नव्हतं. पुढचं मला शेडमधल्या पठाण वॉचमनने सांगितलं. रेवंडकरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाले, "साहेब, माय इयर खलास. नो गुड. आय गो होम."

मेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी महिनाभराची मुदत दिली, तिकीट काढून दिलं आणि शिफारसपत्र मला टाइप करायला सांगितलं. कान गेलेल्या, पुंगळ्या धुणाऱ्या माणसाची शिफारस कोकणात कुणाकडे करायची, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

जायच्या आधीच्या एका शुक्रवारी रेवंडकरांनी पलंगाखालून बुटांचं खोकं काढलं. आत चौदा कॅसेटी होत्या, क्रमाने लावलेल्या. त्यांनी शंभर पानी वही आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"ह्यातला माका कायच आयकाक गावला नाय," ते म्हणाले. "दोन-अडीच वर्सां झाली. तू आयक आणि लिवन दी. एक सबद गाळू नको. आणि शालू जंय हसता, थंय फुली मार."

मला त्या क्षणी कळलं, की ते टेपचा आवाज एवढा मोठा का करत होते. बायकोचा आवाज बारीक, मुलीचा त्याहून बारीक. म्हणजे पुंगळी फाटण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे कान गेले होते, आणि तोवर एकही फाटली नाही ते केवळ नशीब.

ते दोन शुक्रवार मी ऐकत आणि लिहीत होतो. रेवंडकर समोर बसून माझ्या पेनाकडे बघायचे. पहिल्या कॅसेटींत वहिनी भरभरून बोलल्या होत्या. फणस किती लागले, गायीला काय झालं, पाहुणे कोण आले. शालनने पाढे म्हटले होते आणि मध्येच चुकून खुदकन हसली होती. मी फुल्या मारत होतो. तिसऱ्या कॅसेटीत वहिनींनी विचारलं होतं, शालनचे दात पुढे येतायत, मुंबईला डॉक्टरकडे दाखवू का? चौथीत पुन्हा विचारलं होतं. पाचवीत शालन म्हणत होती, "बाबा, मी तुमका कोडा घातलेला, तुमी उत्तर दिलास नाय." सातवीत वहिनी म्हणाल्या होत्या, "मी काय इचारतंय आणि तुमी काय सांगतास." पुढच्या कॅसेटी लहान होत गेल्या. अकरावीत शालन नव्हती. चौदावी मिनिटभराची होती. "तुमी आमचा आयकनास नाय," वहिनी म्हणत होत्या. आवाजात राग नव्हता. "तुमका कटाळो येत असात. आता परत टेप धाडनंय नाय. तब्येत सांभाळा."

मी पेन थांबवलं. हे लिहावं का, असं मनात आलं.

"लिव," रेवंडकर म्हणाले. मी लिहिलं.

त्यांनी वही घेतली आणि खिडकीपाशी जाऊन वाचायला बसले. माझं जेवण झालं, तरी ते वाचत होते. नंतर ते पुन्हा पहिल्या पानावर आले आणि नुसत्या फुल्या बघू लागले. एका फुलीवर बोट ठेवायचं, थोडं थांबायचं, मग पुढच्या फुलीवर जायचं. सहाव्या कॅसेटीनंतर फुल्या नव्हत्या. त्यांनी एकेक पान उलटून शेवटपर्यंत पाहिलं.

"फुडे हसाक नाय?"

"नाही."

दोन खोट्या फुल्या घालायला मला काय जड होतं, असं आज वाटतं. तेव्हा मला ते सुचलं नाही. एक शब्द गाळू नको म्हणाले होते, म्हणून मी होतं तसं लिहिलं होतं.

"बरा केलंस," ते म्हणाले, आणि वही शर्टात घालून झोपले.

मुहर्रकच्या विमानतळावर मी त्यांना सोडलं. घरी गेल्यावर आधी कानाचं सांगा, बाकी मग, असं मी पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगत होतो. आजूबाजूचे लोक बघत होते. ते मान डोलवत होते. किती ऐकू आलं, कोण जाणे.

तीन-चार महिन्यांनी एक हवाई टपालाचं पत्र आलं. अक्षर शालनचं, शाळेतलं, रेघ सोडून वर चढणारं. बाबा सुखरूप पोचले, असं लिहिलं होतं. तुमची आठवण काढतात. घरातली भांडी घासून लख्ख करून ठेवली आहेत. आईला सगळं कळलं, ती खूप रडली. खाली पानाच्या कडेला जागा उरली होती, तिथे तिने आणखी एक वाक्य लिहिलं होतं.

'बाबांना ऐकू येत नाही आणि त्यांना वाईट वाटतं, म्हणून आता आम्ही पण घरात जास्त बोलत नाही.'