सलग तीन गाणी

सकाळी दहाला डॉन तिबुर्सिओ दाढीचा फेस तोंडावर घेऊनच दार उघडायला गेले. दारात शेजारीण दोन्या प्रोवी. अंगात काळा झगा, एका हातात कॉफीचं भांडं, दुसऱ्या हातात चीज आणि बिस्किटं.

"कोण गेलं?" डॉननी विचारलं.

"तुम्ही," दोन्या प्रोवी म्हणाल्या. मग जरा ओशाळल्या. "म्हणजे, रेडिओवर तुमची सलग तीन गाणी लागली हो."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पॉन्से शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: म्हाताऱ्या साल्सा गायकाचं एक गाणं लागलं तर वाढदिवस, दोन लागली तर दवाखाना, आणि तीन लागली की खुर्च्या मांडायच्या.

प्रत्यक्षात निवेदक विल्फ्रेडो डॉनची तबकडी लावून खाली गरम भजी आणायला गेला होता. तिथे रांग होती. परत येतो तो फोनवर बायका रडतायत. इतक्या जणी खोटं कशाला रडतील, असा विचार करून त्याने जड आवाजात बातमी दिली आणि तबकडीची दुसरी बाजू लावली.

डॉननी चाळीस वर्षं सगळं बेट नाचवलं होतं. ट्रम्पेटांशेजारी उभं राहून राहून उजवा कान गेला. मग आमंत्रणं गेली. मग बायको, ओटिलिया गेली. तिच्यासाठी गायलेलं संथ गाणं याच तबकडीत सगळ्यात शेवटी होतं. तिचं नाव त्यात एकदाच, अगदी शेवटच्या ओळीत. घरातली प्रत वादळाने नेली. रेडिओवाल्यांना चारदा विनंती केली, चारदा उत्तर आलं, "डॉन, त्यावर कुणी नाचत नाही हो."

अर्ध्या तासात बैठकीची खोली भरली. बोंगो वाजवणारा जुना सोबती चेगो आला, डॉनना न्याहाळून म्हणाला, "अर्धीच दाढी करून गेलास होय रे?"

"अहो, रेडिओला फोन करा कुणीतरी!" दोन्या प्रोवी म्हणाल्या.

"खबरदार!" डॉन झुलत्या खुर्चीतून म्हणाले. "शेवटचं गाणं होऊ दे. तोवर मी मेलेलाच बरा."

मृताची इच्छा मोडू नये, हे सगळ्यांना पटलं.

गाणं सुरू झालं. डॉननी डावा कान रेडिओला लावला. नेमकी तेव्हाच त्यांची लेक मिग्दालिया नगरपालिकेतून रडत रडत आली आणि खिडकीतून तिला वडील दिसले, हातात बिस्किट.

"बाबा! मी रस्ताभर रडत आले, आणि तुम्ही खाताय?"

"श्श!" सगळी खोली म्हणाली.

यानं ती आणखीच पेटली. चेगो धावेपर्यंत तिचा व्हरांड्यातूनच रेडिओला फोन लावून झाला होता.

शेवटच्या ओळीआधी डॉनच्या तरुण आवाजाने श्वास घेतला, आणि विल्फ्रेडो ओरडला, "श्रोतेहो, आनंदाची बातमी! डॉन तिबुर्सिओ ठणठणीत आहेत!" पाठोपाठ साबणाची जाहिरात लागली.

लोकांनी अभिनंदन केलं, खुर्च्या मिटल्या. मिग्दालियाला प्रकार कळला तेव्हा तिने रडतच पुन्हा फोन केला. विल्फ्रेडो नम्रपणे म्हणाला, "आता कसं वाजवणार बाई? जिवंत आहेत ना ते."

चेगो शेवटपर्यंत बसला. "मनाला लावून घेऊ नकोस, गड्या. पुढच्या वेळी पूर्ण लावतील."

"लावतील," डॉन म्हणाले. फेस गालावर वाळून गेला होता. "तेवढा ट्रान्झिस्टर शवपेटीत ठेव माझ्याबरोबर. डाव्या कानाशी."