हॅश दाबायचा राहिला

साहेब बदलल्यावर कसं वागावं, याची कुणी शिकवणी काढलीच, तर तिथला हेडमास्तर मीच असणार! आमच्या टेलिफोन कंपनीत किती साहेब आले नि किती गेले. दरवेळी लोक घाबरतात, धावपळ करतात, कुणाचं तरी बोट धरायला बघतात. मी मात्र शांत असतो. नव्या साहेबाला काय आवडतं, हे इतरांना कळायच्या आत मला कळलेलं असतं. निदान त्या सोमवारपर्यंत माझी अशी समजूत होती.

झालं असं, की आमचे जुने साहेब अचानक गेले. देवाघरी नव्हे, दुसऱ्या कंपनीत. त्यांच्या जागी बाहेरून एक मॅडम येणार, असं पत्रक लागलं आणि ऑफिसची तऱ्हाच बदलली. निरोपाच्या भाषणात ज्यांनी साहेबांचे गोडवे गायले होते, तेच दुसऱ्या दिवशी ‘मी आधीपासून म्हणत होतो, त्या माणसात काही दम नव्हता’ असं सांगत फिरायला लागले. हिशेबनिसाने भिंतीवरचा साहेबांचा फोटो उतरवला. तिथे फिकट चौकोन उरला, म्हणून त्याच्यावर आग लागल्यास काय करावे याच्या सूचना चिकटवल्या. मग कुणीतरी बातमी आणली, की मॅडम लिफ्ट वापरत नाहीत, जिन्याने चढतात. झालं! सगळं ऑफिस जिन्याने चढायला लागलं. टॉवर विभागाचा प्रमुख मिनिटामिनिटाचा पक्का, म्हणून त्याला आम्ही ‘घड्याळ’ म्हणतो. तो तर उगाच एकेक कागद घेऊन दिवसभर वरखाली करू लागला. लिफ्टमन बिचारा रिकामी लिफ्ट घेऊन एकटाच फिरत होता.

मला हसू येत होतं, पण काळजीही होती. मॅडमनी रुजू व्हायच्या आधीच कळवलं होतं, की डोंगरावरच्या केंद्रावर एक अनुभवी अधिकारी कायमचा पाठवायचा आहे. अनुभवी म्हणजे आम्ही दोघेच: तक्रार विभागाचा प्रमुख मी, आणि घड्याळ. त्या डोंगरावर एक टॉवर, एक खोली आणि उरलेला सगळा वारा. घरी सांगितलं, तर बायको भाजी चिरायची थांबलीसुद्धा नाही. ती दवाखान्यात नर्स आहे आणि नुकतंच तिला मुख्य नर्स केलं होतं. “तुम्ही जा,” ती म्हणाली, “मी इथलं सोडून येणार नाही. जाण्याआधी स्वयंपाक तेवढा शिकून घ्या.”

खरं सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्वयंपाकाचं काय, शिकलो असतो. पण मला तिच्याशिवाय राहताच येत नाही. ती माहेरी गेली तरी मला घरात धड झोप लागत नाही. काहीही झालं तरी डोंगरावर घड्याळ गेला पाहिजे आणि मी इथे राहिलो पाहिजे, असा मी निश्चय केला.

आणि मला ती नामी युक्ती सुचली! आमच्या तक्रार विभागाला फोन केला, की माणसाला आधी रांगेत थांबावं लागतं. थांबलेल्याला एक रेकॉर्ड केलेला संदेश पुन्हा पुन्हा ऐकू येतो, आणि तो होता जुन्या साहेबांच्या आवाजात. त्यांना स्वतःच्या आवाजाची भारी हौस. “आपला कॉल आमच्यासाठी” एवढं बोलून ते खोकायचे आणि मग “महत्त्वाचा आहे” म्हणायचे. तो खोकला कित्येक वर्षं लोक ऐकत होते. सगळ्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, पण फोनमधला साहेब कुणालाच आठवला नाही. मी ठरवलं, मॅडम येतील त्या सकाळी तिथे नवा संदेश हवा, माझ्या आवाजात, मॅडमच्या स्वागतासकट.

संदेश बदलायला साहेबांचा गुप्त आकडा लागतो. तो मला तोंडपाठ होता, कारण साहेब तो नेहमी विसरायचे आणि मलाच विचारायचे. बाकी काम सोपं. घरून फोन लावायचा, आकडा दाबायचा, शिट्टी वाजली की बोलायचं आणि बोलून झालं की हॅश दाबायचा. रविवारी दुपारी मी आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात शिरलो. डोक्यावर बायकोच्या साड्या, कानाला फोन, अशा अवस्थेत मी गळ्यात मध ओतल्यासारखा बोललो: “नमस्कार. नव्या नेतृत्वाखाली आम्ही आपलं स्वागत करतो. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.” काय आवाज लागला होता म्हणून सांगू! मी खूश होऊन फोन कपाटाच्या फळीवर ठेवला. रोज शंभर ग्राहकांना ‘शेवटी हॅश दाबा’ असं बजावणारा मी, हॅश मात्र दाबला नाही!

तेवढ्यात बायकोने कपाटाचं दार उघडलं. मग साहजिकच आमचं जे भांडण व्हायचं ते झालं, आणि आम्हाला वाटलं ते कपाटातच राहिलं.

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचलो. संदेश लावून पाहिला, पहिलं वाक्य ऐकलं, बरोबर वाटलं, फोन ठेवला. मॅडम आल्या त्या थेट लिफ्टने. त्यांचा गुडघा दुखतो म्हणे! जिन्यात दमून बसलेल्या घड्याळाला हे कळलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मनात म्हटलं, डोंगर तुझ्याच नशिबात आहे बाबा.

पण आमच्या खोलीत काहीतरी गडबड होती. भिंतीवरच्या पडद्यावर किती लोक रांगेत आहेत ते दिसतं. रोज लोक थोडं थांबतात, कंटाळतात, फोन ठेवतात आणि आकडा आपोआप उतरतो. त्या दिवशी आकडा नुसता चढत होता. कुणी फोन ठेवायलाच तयार नाही! फोन घेणाऱ्या मुली तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. एकीला विचारलं तर म्हणाली, तिने एका आजोबांचा फोन उचलला, तर ते तिच्यावरच चिडले. बाईंचं बोलणं अर्ध्यात तोडलंस, मला परत रांगेत टाक, म्हणाले. दुसरीला एका गृहस्थाने निरोप दिला होता, की नळाचा वायसर बदला, गळायचा थांबेल.

माझ्या घरचा नळ गळतो हे त्या गृहस्थाला कसं कळलं? मी फोन कानाला लावला. माझा मधाळ आवाज संपला आणि कपाटाचं दार कुरकुरलं.

“अहो, माझ्या साड्यांत काय करताय?” बायकोचा आवाज आला. मी सगळी युक्ती सांगितली. वर म्हणालो, नवी बाई आहे, पहिले चार दिवस आवाज चढवील, मग येईल लायनीवर. गोड बोललं की साहेब लोक विरघळतात. हे मी बोललो होतो, आणि आता सगळं गाव ते ऐकत होतं! त्यावर बायको म्हणाली, “बाहेरच्यांना कॉल महत्त्वाचा, आणि मी कधीची नळ नळ करतेय, ते कोण ऐकणार?” आणि मी, सवयीचा गुलाम, म्हणालो होतो, “तुझी तक्रार नोंदवून घेतली आहे.” तिथून पुढे तिने मला जे सोलून काढलं, ते लाइन आपोआप तुटेपर्यंत चाललं होतं.

संदेश पुसायला धावलो, तर जुन्या साहेबांचा गुप्त आकडा सकाळीच बंद केलेला. आता नवा आकडा फक्त मॅडमकडे. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांच्याकडेच किल्ली मागायची. मी दाराबाहेर शब्द जुळवत उभा होतो, तोच आतून घड्याळ बाहेर आला. ‘मॅडम, तक्रार विभागाचा नवा संदेश अवश्य ऐका,’ एवढं सांगून आला होता मेला. आणि हसत हसत, लिफ्टने गेला.

आत मॅडम फोन कानाला लावून बसल्या होत्या. मी तोंड उघडताच त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन खाली ठेवला आणि विचारलं, “या बाई कोण?”

“माझी बायको,” मी म्हणालो. “मॅडम, मी चुकलो. लायनीवर येण्याचं जे मी बोललो...”

“ते राहू द्या. मी आल्या आल्या पहिला कागद काय मागितला माहीत आहे? रांगेतून किती जण फोन ठेवतात त्याचा. रोज अर्धे ठेवतात. आज कुणीही नाही. त्या बाईंना फोन लावा.”

मी लावला. मॅडमनी स्पीकर चालू केला, स्वतःची ओळख दिली आणि सरळ विचारलं, की दर आठवड्याला नवऱ्याशी असं थोडं बोलून रेकॉर्ड करून द्याल का, लोकांचा थांबण्याचा वेळ बरा जातो. एवढी मुख्य नर्स, तिचं घरचं भांडण गावभर केलं, आता ती मला उभ्या जन्मात माफ करणार नाही, असं वाटलं.

“ह्यांना डोंगरावर पाठवताय ना?” बायको म्हणाली.

“विचार चालू आहे,” मॅडम म्हणाल्या.

“मग नाही जमायचं. भांडायला माणूस समोर लागतो.”

मॅडम हसल्या. समोरच्या कागदावर त्यांनी काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि घड्याळाला वर बोलावून घेतलं.

संध्याकाळी मी जवळजवळ धावतच घरी गेलो. डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला म्हटलं, “माझ्यावाचून तुला करमणार नाही, हे आधीच सांगायचंस ना.”

“मला काय होतंय?” ती कणीक मळत म्हणाली. “पण तिथे तुम्हाला बोलणारं कुणी नाही. बिघडाल.”

यावर माझ्याकडे फार सुंदर उत्तर होतं. पण मी ते गिळलं आणि नळाचा वायसर बदलायला बसलो. शब्दाने शब्द वाढतो, आणि आता आमच्या घरात तो वाढला, की कंपनी फोनवर वाजवणार.